शुश्रूषा आणि श्रवण : परिचर्या-संशोधनातील प्रश्नावलीची भाषिक समीक्षा

१

'शुश्रूषा' हा शब्द आज आपण आजाऱ्याची सेवा या अर्थाने वापरतो. त्याचा मूळ धातू 'श्रु', म्हणजे ऐकणे. आणि रूप इच्छार्थक. तेव्हा शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचे वचन ऐकण्यास उत्सुक असलेला शिष्य, पुढे आज्ञा ऐकणारा सेवक आणि अखेर आजाऱ्याच्या उशाशी बसलेले माणूस, असा या शब्दाच्या अर्थाचा विस्तार झालेला दिसतो. व्युत्पत्तीवरून एखाद्या शास्त्राची कर्तव्ये ठरवू नयेत हे भाषेच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. तथापि प्रस्तुत लेखात ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो या शब्दाच्या पोटात आधीच आहे, म्हणून आरंभ येथून केला. प्रश्न असा : रुग्णाचे आरोग्य, त्याने स्वतः राखावयाची निगा आणि त्याची उस्तवार करणाऱ्या माणसाचे स्वास्थ्य, या तीन विषयांवर आपल्याकडे परिचर्याशास्त्राचे जे संशोधन होते, ते ज्यांच्याविषयी आहे त्यांचे बोलणे ऐकते काय?

लेखक परिचर्याशास्त्राचा जाणकार नाही, भाषेचा अभ्यासक आहे. परंतु या संशोधनाचे प्रमुख साधन प्रश्नावली हे आहे, आणि प्रश्नावली ही भाषेचीच बनलेली असते. ज्वरमापक बिघडला तर वैद्याने सांगावे. प्रश्न बिघडला तर भाषेच्या अभ्यासकाने बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

महाराष्ट्रात परिचर्येच्या विद्यापीठीय शिक्षणाची परंपरा आता जुनी झाली आहे. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले; १९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर पदव्युत्तर प्रबंधांची संख्या पुष्कळ वाढली. या प्रबंधांची भाषा इंग्रजी. त्यांतील प्रश्नावली मुळात इंग्रजीत, रुग्णापुढे ठेवताना पुस्तकी मराठीत. उत्तर देणारा आपल्या बोलीत बोलतो आणि नोंद होते ती अंकांत. म्हणजे एका माणसाच्या दुःखाची तीन वेळा भाषांतरे होतात, आणि प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात त्यांपैकी बहुधा पहिल्याचीच चर्चा असते.

२

या लेखाला निमित्त झालेला प्रसंग लेखकाच्या घरचाच आहे. बपेरा हे भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याचे, मध्यप्रदेशाच्या सीमेला लागलेले गाव. येथील बोली झाडीबोली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या अभ्यासामुळे ती विद्यापीठीय वर्तुळात परिचित झाली. परंतु घरात पोवारी, बाजारात झाडी, नदीपलीकडच्या सोयऱ्यांशी हिंदी आणि दवाखान्यात जमेल तसे पुस्तकी मराठी, असा व्यवहार करणारी माणसे या पट्ट्यात थोडी नाहीत.

लेखकाचे वडील लकव्याने अंथरुणाला खिळले होते, आणि त्यांचे सर्व काही आई करीत असे. एके दिवशी परिचर्येची एक विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन घरी आली. मुलगी मनमिळाऊ होती, आपल्या कामाविषयी प्रामाणिक होती. तिने आईला आदराने 'आजी' म्हणून एकेक प्रश्न वाचून दाखविला आणि पाच पर्यायांतून एक निवडावयास सांगितले : कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, जवळजवळ नेहमी. नातेवाइकाची काळजी घेताना स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का? प्रकृतीवर परिणाम झाला असे वाटते का? आणि शेवटी, एकंदरीत किती ओझे वाटते? आईने बहुतेक प्रश्नांना 'नाही' म्हटले. काही प्रश्नांवर ती हसली. 'ओझे' या शब्दावर मात्र तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "आपलाच मानूस. त्याचं ओझं कसं होईल?" विद्यार्थिनीने खूण केली : कधीच नाही. बेरीज अगदी थोडी भरली.

कागद घडी करून पिशवीत गेला, चहा आला, आणि मग आई बोलू लागली. दोन वर्षांत एकदाही सलग झोप झाली नाही. माहेरच्या लग्नाला जाता आले नाही. वडिलांना कुशीवर वळविताना कमरेत भरलेली कळ अजून गेली नाही. सांगता सांगता ती म्हणाली, "दुखनं काढता काढता पाय गेले. पन मी पडली, तं यांना कोन पाहील?" विद्यार्थिनी ऐकत होती, तिचे डोळेही भरून आले होते. परंतु जे तिने ऐकले त्याला तिच्या कागदावर जागा नव्हती.

या प्रसंगात दोष कोणाचा, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. विद्यार्थिनीने तिला शिकविल्याप्रमाणे केले. आईनेही खोटे सांगितले नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले. विचारावयाचे होते ते मात्र विचारले गेले नाही. हे कसे घडले ते पाहणे हाच समीक्षेचा विषय होय.

३

ज्या मापिकेच्या धर्तीवर ती प्रश्नावली होती, ती झारिट, रीव्हर आणि बाख-पीटर्सन यांनी अमेरिकेत १९८० साली प्रसिद्ध केली. स्मृतिभ्रंश झालेल्या २९ वृद्धांची देखभाल करणाऱ्या २९ व्यक्तींच्या अभ्यासातून ती निघाली. मूळ प्रश्न २९ होते. पुढे रूढ झालेल्या रूपात २२ आहेत, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे कमाल बेरीज ८८. साधन जगभर वापरले जाते आणि त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्या मराठी रूपाचा, आणि तोही आमच्या घरी आलेल्या रूपाचा. ते भाषांतर कोणी केले याची नोंद त्या कागदावर नव्हती.

पहिला शब्द 'नातेवाईक'. इंग्रजीत आजारी नवऱ्यालाही जो शब्द चालतो, त्याला कोशात हाच प्रतिशब्द मिळेल. परंतु मराठी स्त्री आपल्या नवऱ्याला नातेवाईक म्हणत नाही, मुलाला म्हणत नाही, बहुधा सासूलाही म्हणत नाही. नातेवाईक लग्नाला येतात आणि परत जातात. घरचे माणूस ते 'आपले माणूस'. आईच्या उत्तरातला पहिलाच शब्द 'आपलाच' हा होता, आणि तो प्रश्नातल्या 'नातेवाईक' या शब्दाला दिलेला नकार होता. प्रश्नाने ज्या माणसाला घराबाहेर उभे केले त्याला तिने प्रथम घरात घेतले.

दुसरा शब्द 'ओझे'. मराठीत ओझे डोक्यावर असते, पाठीवर असते. ते उतरविता येते, दुसऱ्याला देता येते, टाकताही येते. माणसाला ओझे म्हणणे म्हणजे त्याला टाकून देण्याची इच्छा बोलून दाखविणे. असा प्रश्न आजाऱ्याच्या देखत, सुनेसमोर, परक्या मुलीने विचारावा आणि उत्तर 'जवळजवळ नेहमी' असे यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. कष्ट सांगावयाला मराठीत दुसरी वाट आहे. 'करावे लागते', 'उठावे लागते', 'सोसावे लागते' या रचनेत कर्ता चतुर्थीत जातो, 'मी' मागे सरते आणि सक्ती पुढे येते. ही रचना तक्रार करीत नाही. परंतु तिच्यात सगळे काही असते. बोलणाऱ्याच्या व्याकरणाने सांगितलेले हे उत्तर पाच पर्यायांपैकी कोणत्याही रकान्यात बसत नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द 'काळजी'. या एका नामात आपल्या भाषेने दोन गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत : निगा आणि चिंता. अर्थ ठरतो तो क्रियापदावरून. 'मी काळजी घेते' यात कर्ता प्रथमेत आहे आणि क्रिया हेतुपूर्वक आहे. 'मी काळजी करते' यात मन कामाला लागलेले आहे, हात नाही. 'मला काळजी वाटते' यात तर 'मी' कर्तीच नाही. अनुभव तिच्याकडे चालत येतो, ती चतुर्थीत आहे. परिचर्याशास्त्रात डोरोथी ओरेम यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात मांडलेली स्वतःच्या निगेची कल्पना ही हेतुपूर्वक, शिकून केलेल्या कृतीची कल्पना आहे. तिचे 'स्वकाळजी' असे भाषांतर केले की क्रियापद गळून पडते आणि उरलेल्या नामात निगा व चिंता पुन्हा मिसळतात. आजारी माणसाला 'तुमची स्वकाळजी कशी आहे?' असे विचारले तर तो कशाचे उत्तर देईल? आपली चिंता किती आहे याचे की आपण औषध वेळेवर घेतो याचे? हे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जाणारे असू शकतात. जो फार काळजी करतो तो पुरेशी काळजी घेतोच असे नाही.

यावर परिचर्या-संशोधकाचे उत्तर ठरलेले असते : प्रश्नावलीचे उलट भाषांतर करून घेतले आहे. ब्रिस्लिन यांनी १९७० साली सुस्पष्टपणे मांडलेली ही पद्धत अशी की, मराठी झालेला मजकूर दुसऱ्या भाषांतरकाराने मूळ इंग्रजी न पाहता पुन्हा इंग्रजीत आणावा आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावेत. ढोबळ चुका पकडण्यास ती उत्तम आहे. परंतु वरील तीनही शब्द तिच्या चाळणीतून सहज सुटतील. 'नातेवाईक' पुन्हा इंग्रजीत गेला तर मूळचाच शब्द परत येईल, 'ओझे' तसेच, 'काळजी' तसेच. कारण दोन्ही भाषांतरकार एकाच शाळेत शिकलेले, एकच कोश वापरणारे असतात. या पद्धतीने कोशाची परीक्षा होते. घराची परीक्षा होत नाही.

दुसरे उत्तर संख्येचे : क्रॉनबाख यांचा १९५१ चा अल्फा गुणांक चांगला आला, म्हणून साधन विश्वसनीय आहे. हा गुणांक प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. ती कशामुळे जुळतात ते सांगत नाही. सगळ्याच प्रश्नांपुढे एका स्त्रीला कमी लाज वाटत असेल आणि दुसरीला जास्त, तर उत्तरे उत्तम जुळतील आणि गुणांकही उत्तम येईल. मात्र मोजली गेली ती लाज.

४

मराठीत या विषयाला शब्द नाहीत म्हणून ही अडचण आली, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. उस्तवार, निगा, जपणूक, सांभाळ, खस्ता, पथ्यपाणी हे सारे शब्द घरोघरी आहेत. त्यांपैकी दोहोंकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे.

'दुखणे काढणे' किंवा 'आजारपण काढणे' हा वाक्प्रचार पाहावा. 'त्याने दोन महिने दुखणे काढले' म्हणजे तो स्वतः आजारी होता. 'तिने सासूचे दुखणे काढले' म्हणजे तिने सासूची सेवा केली. एकच क्रियापद रुग्णालाही लागते आणि उस्तवार करणाऱ्यालाही. फरक पडतो तो फक्त षष्ठीच्या एका पदाने. संशोधनात रुग्णाचे आरोग्य हा एक विषय आणि काळजीवाहकाचे स्वास्थ्य हा दुसरा. दोन प्रबंध, दोन नमुने, दोन मापिका. भाषेने मात्र हे दुखणे एकच मानले आहे आणि ते दोघांनी मिळून काढावयाचे आहे असे ठरविले आहे. आईचे वाक्य पुन्हा वाचावे : 'मी पडली, तं यांना कोन पाहील?' तिच्या स्वास्थ्याचा विचार तिने केला, पण त्यांच्यासाठी. तिच्या स्वतःच्या निगेची सारी कल्पना या एका वाक्यात आहे, आणि ती 'स्व'पासून सुरू होत नाही.

दुसरा शब्द 'पथ्य'. 'पथिन्' म्हणजे मार्ग, या शब्दापासून तो आला आहे. ओरेम यांच्या कल्पनेला मराठी घरात सर्वांत जवळचा शब्द हाच. कारण पथ्य दुसऱ्याला सांगता येते, परंतु पाळावे लागते ते स्वतःच. तरीही तो पुरा पडत नाही. पथ्यात वर्ज्य करण्यावर भर असतो. निगेत काही गोष्टी आवर्जून कराव्याही लागतात. हा फरक केवळ शब्दांचा नाही, हे सिकलसेलच्या उदाहरणावरून दिसेल.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार भारतात प्रथम १९५२ साली निलगिरीच्या परिसरात नोंदला गेला. मध्य भारतातील त्याच्या वाहकत्वाविषयीचा शुक्ल आणि सोळंकी यांचा नागपूरचा अहवाल १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. भंडाऱ्यासह पूर्व विदर्भाचा पट्टा तेव्हापासून या विकाराच्या नकाशावर आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात बाधित भागांतील शून्य ते ४० वर्षे वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. तपासणी प्रयोगशाळेत होते. परंतु तिच्यानंतरचे आयुष्य घरात काढावयाचे असते. भरपूर पाणी पिणे, थंडीपासून जपणे, गोळ्या न चुकविणे, ताप आला की वाट न पाहता दवाखाना गाठणे, ही सारी निगा आई आणि मूल यांच्यातली आहे. येथे 'पथ्य पाळता का?' असे विचारले तर आई काय खाऊ देत नाही ते सांगेल. पाण्याचा तांब्या दिवसातून किती वेळा भरला हे सांगणार नाही, कारण तिच्या मते ते पथ्यच नव्हे.

आईच्या हाती योग्य शब्द आणि योग्य खूण दिली तर काय होते याचे उदाहरण जमैकात आहे. सिकलसेल झालेल्या लहान मुलांत प्लीहेत एकाएकी रक्त साठून मृत्यू येतो. तेथील चिकित्सकांनी आयांना बाळाच्या पोटावर हात ठेवून वाढलेली प्लीहा ओळखण्यास शिकविले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे अशा दर १०० प्रसंगांमागील मृत्यू सुमारे २९ वरून सुमारे ३ वर आले. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे : नोंदलेल्या प्रसंगांचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. कागदावर रोग वाढला आणि मरण घटले. जे पूर्वी नावाशिवाय घडून जात होते ते आता आया ओळखून सांगू लागल्या, हाच या वाढीचा सरळ अर्थ दिसतो. आपल्या प्रश्नावल्यांत कष्टांची बेरीज अगदी थोडी भरते तेव्हा हा आकडा आठवावा. थोडे आढळणे आणि थोडे असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि अशा थोड्या बेरजांच्या आधाराने या जिल्ह्यात घरी बसून सेवा करणाऱ्या बायकांना मदतीची गरज नाही असे कोणी ठरविले, तर ती चूक केवळ प्रबंधापुरती राहणार नाही.

५

एक आक्षेप गंभीर आहे व त्याला उत्तर दिले पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या बोलीत वेगळी प्रश्नावली केली तर तुलना कशी करावयाची? बपेऱ्याची बेरीज पुण्याच्या बेरजेशेजारी ठेवता आली नाही तर शास्त्र कसले? हा आक्षेप खरा आहे, आणि प्रमाणित साधने टाकून द्यावीत असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु तुलना शब्दांची करावयाची नसून अर्थांची करावयाची आहे. मेल्झॅक यांची १९७५ ची वेदनाविषयक प्रश्नावली ७८ शब्दांच्या २० गटांवर उभी आहे. वेदनेचे शब्द गोळा करणे व लावणे हे काम तीत आधी झाले, मोजणे नंतर. आपल्याकडे ठणकणे, ठसठसणे, चमकणे, खुपणे, कळ येणे, आग होणे, रग लागणे एवढी संपत्ती असताना रुग्णाला 'वेदना सौम्य, मध्यम की तीव्र?' असे आपण विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानाची प्रश्नावलीही दिल्ली व मद्रास धरून पंधरा केंद्रांतील लोकांच्या चर्चांमधून सिद्ध झाली. म्हणजे आधी ऐकणे आणि मग मोजणे, हा मार्ग शास्त्राला परका नाही.

किंबहुना परिचर्येच्या मूळ ग्रंथांतच तो आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आपल्या शुश्रूषाविषयक टिपणांत उत्तर सुचविणाऱ्या प्रश्नांवर कडक टीका केली आहे. रात्र चांगली गेली का असे विचारू नये, किती तास झोप लागली आणि कोणकोणत्या वेळी लागली ते विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यांत रोग्याच्या गुणांमध्ये ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था सांगता येणे, हा एक गुण गणला आहे. सांगणे हा रोग्याचा गुण असेल, तर ऐकून घेता येणे हा परिचारकाचा गुण ओघानेच आला. आणि झारिट यांच्या १९८० च्या अभ्यासाचा निष्कर्षही ध्यानात घेण्यासारखा आहे. देखभाल करणाऱ्याला वाटणारे ओझे आजाऱ्याच्या वागणुकीवर अवलंबून दिसले नाही. कुटुंबातील इतर माणसे किती वेळा भेटीस येतात यावर ते अवलंबून दिसले. प्रश्नावली जगभर गेली; हा निष्कर्ष मात्र तिच्याबरोबर फारसा गेला नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे या विवेचनावरून चार सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली, प्रश्नावली हाती घेण्यापूर्वी त्या गावच्या आठ-दहा घरांत नुसते ऐकावे, आणि आजारपण, निगा व थकवा यांविषयीचे शब्द क्रियापदांसह टिपून घ्यावेत. नामे पुरेशी नाहीत. दुसरी, नात्याचा शब्द मोकळा ठेवावा. नवरा असेल तेथे 'यांचे', मुलगा असेल तेथे त्याचे नाव वापरावे. तिसरी, ओझ्याविषयी विचारण्याऐवजी घडणाऱ्या गोष्टी विचाराव्यात : रात्री किती वेळा उठावे लागते, शेवटचे गावाला कधी गेलात, स्वतःचे दुखणे दवाखान्यात कधी दाखविले, मदतीला कोण येते, आणि हे आजाऱ्याच्या व घरच्यांच्या माघारी विचारावे. चौथी, कागद मिटल्यानंतर जे बोलले गेले त्यासाठी प्रबंधात एक परिशिष्ट ठेवावे. मात्र बोलणाऱ्याला विचारून आणि नाव न देता. भाषाविभागाने या कामी परिचर्या महाविद्यालयांना साहाय्य करावे. बोलींच्या कोशासाठी आपण शेतीची अवजारे आणि माशांची नावे गोळा करतो; आजाऱ्याच्या उशाशी बोलल्या जाणाऱ्या शब्दांचा संग्रह अद्याप आपल्या कार्यक्रमात नाही.

लेखकाचे वडील पुढे वारले. त्या प्रश्नावलीचा प्रबंध पुरा झाला असेल आणि त्यातील एखाद्या कोष्टकात आईची बेरीज असेल. ती ज्या रकान्यात असेल त्याचे शीर्षक बहुधा 'अल्प ओझे' असे असणार. ते चूक आहे असे म्हणता येत नाही, कारण तिला ओझे नव्हतेच. तिने दुखणे काढले होते. आणि त्या क्रियापदासाठी रकाना आखणे हे काम अजून व्हावयाचे आहे.